फार्दिंगचाही चौथा हिस्सा

मंडळी, तबक पुढच्या रांगेपासून फिरायला लागलंय, तेवढं जरा जपून धरा, कारण त्यातलं डाव्या कोपऱ्यातलं नाणं खाली पडलं तर आपल्याला भाषण थांबवून सतरंजी झटकत बसावं लागेल. साडेतेरा मिलीमीटर व्यास आहे त्याचा, शर्टाच्या बटणाएवढा, आणि वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि इंग्रजी अक्षरांत 'क्वार्टर फार्दिंग'. आता फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग, आणि हे त्या फार्दिंगचा पण चौथा भाग, म्हणजे एका पेनीत अशी 16 आणि तेव्हाच्या 240 पेन्सच्या पौंडात 3840. एवढं बारीक नाणं पाडायची गरज कोणाला पडली असेल, हा प्रश्न डोक्यात आला ना की समजा तुम्ही गेलात कामातून, मग हा नाद सुटत नाही.

लोक मला विचारतात की ब्रिटिश नाणीच गोळा करायची तर सोन्याचं सॉव्हरिन घ्या की, चांदीचं क्राऊन घ्या, मोठी, देखणी, हातात घेतली की वजन कळतं, विकायला गेलं तरी पैसे येतात. बरोबर आहे त्यांचं. पण माझं म्हणणं असं आहे की मोठं नाणं राजाच्या हौसेचं असतं आणि छोटं नाणं असतं अडचणीचं. कुठेतरी कोणालातरी सुट्टे मिळत नव्हते म्हणून ते पाडलंय. आणि ती अडचण नेमकी कुठली हे शोधून काढायचं, हीच तर खरी मजा, नाणं नुसतं डबीत ठेवण्यात काय आहे.

हेच क्वार्टर फार्दिंग घ्या. 1839 मध्ये पाडलं, नंतर 1851, 52 आणि 53 मध्ये, सगळं सिलोनसाठी. म्हणजे आजची श्रीलंका. पण नाण्यावर सिलोनचं नाव कुठेच नाही! त्याच्या आधी 1828 पासून हाफ फार्दिंग पाडत होते, ते पण सिलोनसाठीच आणि त्याच्यावर पण नाव नाही. लंडनला बसून ठरवलं की साम्राज्यात सगळीकडे आपलीच पेनी-शिलिंग चालवायची, पण तिथल्या बाजारात भाजीवाल्याचा, पानवाल्याचा हिशोब त्याहून बारीक, मग काय करणार, पेनीचे तुकडे करत खाली खाली जावं लागलं.

इथे आपला पण संबंध येतो बरं का. आपल्याकडे रुपयाचे 16 आणे आणि आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयात 192 पै. आता रुपया दोन शिलिंगांचा म्हणजे 24 पेन्सचा धरा, आणि 24 ला 192 ने भागा. पेनीचा आठवा भाग येतो. म्हणजे बरोब्बर हाफ फार्दिंग! कंपनी सरकारची 1835 सालची तांब्याची पै, तीच ती 'वन ट्वेल्थ अ‍ॅना' लिहिलेली, कोणाकडे असेल तर हाफ फार्दिंगच्या शेजारी ठेवून बघा, ती साधारण साडेसतरा मिलीमीटर आणि हे अठरा. आजीच्या डब्यात असली एखादी पै असतेच, आणि तिचं हे भावंड समुद्रापलीकडे चालत होतं हे आपल्याला माहीतच नसतं.

माल्टाची गोष्ट तर मला याहून आवडते. भूमध्य समुद्रातलं एवढंसं बेट, तिथे जुना हिशोब असा की एका स्कुडोचे 12 तारी आणि एका तारीचे 20 ग्रानी, म्हणजे स्कुडोचे 240 ग्रानी. इंग्रजांनी स्कुडोचा भाव धरला 1 शिलिंग 8 पेन्स, म्हणजे 20 पेन्स. 240 ला 20 ने भागलं की पेनीत 12 ग्रानी. आणि पेनीचा बारावा भाग म्हणजे फार्दिंगचा तिसरा! म्हणून 1827 मध्ये 'थर्ड फार्दिंग' पाडलं, फक्त माल्टासाठी, आणि गंमत म्हणजे पहिल्या तीन वर्षांच्या नाण्यांवर, म्हणजे 1827, 1835 आणि 1844 च्या, किंमत लिहिलेलीच नाही, नुसती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी, बसलीये त्रिशूळ घेऊन, बाकी सगळं थेट फार्दिंगसारखं, फक्त आकार लहान. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो फार्दिंग झिजलंय वाटतं! 1866 पासून मग सरळ 'वन थर्ड फार्दिंग' असं लिहायला लागले. आणि हे किती वर्ष चाललं? 1913 पर्यंत! म्हणजे पाचव्या जॉर्जच्या काळात पण एका बेटाच्या जुन्या हिशोबासाठी लंडनची टांकसाळ एक ग्रॅमच्या आतबाहेरची पितळी नाणी, नाही नाही, पितळी नाही, ब्राँझची, पाडत होती. पूर्ण मालिका 12 वर्षांची आहे: 1827, 35, 44, 66, 68, 76, 78, 81, 84, 85, 1902 आणि 1913. नोकरदार माणसाला सावकाश का होईना पूर्ण करता येईल अशी मालिका आहे ही, आणि असं ब्रिटिश नाण्यांच्या बाबतीत फार कमी वेळा म्हणता येतं.

चांदीत पण असंच. दीड पेनीचं चांदीचं नाणं, 1834 पासून, 12 मिलीमीटरचं, पाऊण ग्रॅम पण भरत नाही. दीड पेनीचं कशाला? तर सिलोनमध्ये डचांच्या वेळचा रिक्सडॉलर चालायचा, त्याचा भाव 18 पेन्स, आणि त्याचे 12 फनम, म्हणजे एक फनम दीड पेनीचा. तिकडे जमैकात रेआल या स्पॅनिश नाण्याचा भाव सहा पेन्स, त्याचा पाव भाग म्हणजे परत दीड पेनीच, आणि तिथले लोक त्याला 'क्वाटी' म्हणायचे. दोन बेटं, जगाच्या दोन टोकांना, एक डचांच्या हिशोबाची आणि एक स्पॅनिश हिशोबाची, आणि दोघांचं उत्तर एकच नाणं! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर कागदावर भागाकार करत बसलो होतो, घरचे म्हणाले आता याचं काय करायचं.

बरं, बारीक नाण्यांची ही भानगड काही व्हिक्टोरियापासूनची नाही. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापर्यंत चांदीची पेनी हेच काय ते नाणं, आणि अर्धी पेनी हवी असेल तर काय, कातरून दोन तुकडे करायचे, पाव हवी तर चार. पेनीच्या मागे क्रॉस असायचा तो कापायला सोयीचा पडायचा. अशी कापलेली पाव पेनी आजही मिळते, त्रिकोणी तुकडा, आणि मला विचाराल तर पूर्ण नाण्यापेक्षा त्या तुकड्यातच जास्त गोष्ट आहे. मग 1279 मध्ये पहिल्या एडवर्डने नवी नाणी काढली तेव्हा गोल फार्दिंग आलं, चांदीचं, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. पुढे चांदी महागत गेली तसं ते अजून अजून बारीक होत गेलं, आठव्या हेन्रीच्या वेळी तर ग्रॅमच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. हाफपेनी कुठलं आणि फार्दिंग कुठलं हे लोकांना कळेना, म्हणून फार्दिंगवर राजाचा चेहरा न टाकता किल्ल्याच्या दरवाज्यात वरून सोडायची ती लोखंडी जाळी टाकली.

पहिल्या एलिझाबेथच्या वेळी तर चांदीचं फार्दिंग पाडणंच अशक्य झालं होतं, इतकं बारीक की चिमटीत धरता येणार नाही. मग तिच्या लोकांनी काय डोकं चालवलं बघा. 1561 मध्ये तीन फार्दिंगचं नाणं काढलं, पाऊण पेनीचं. म्हणजे तुम्ही फार्दिंगचा माल घ्या, पेनी द्या, दुकानदार तुम्हाला पाऊण पेनी परत देईल. फार्दिंग न पाडता फार्दिंगचा व्यवहार! वाण्याच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसालाच सुचेल असं हे डोकं आहे. आणि सारख्या दिसणाऱ्या नाण्यांची गल्लत होऊ नये म्हणून एक सोडून एक किमतीला राणीच्या डोक्यामागे गुलाब टाकला, पाऊण पेनीला गुलाब, पेनीला नाही, दीड पेनीला गुलाब, दोन पेनीला नाही. भिंगातून गुलाब दिसला की काम झालं.

मधल्या काळावरून भरभर जातो. 1613 मध्ये पहिल्या जेम्सने लॉर्ड हॅरिंग्टनला तांब्याची फार्दिंग पाडायचा परवाना दिला, तीही अगदी पातळ, आणि सुरुवातीला तर वरून कथिलाचा मुलामा. लोकांचा त्यावर कधी नीट विश्वास बसला नाही. मग 1648 ते 1672 दुकानदार, खानावळवाले स्वतःचीच टोकन पाडत होते, तो एक स्वतंत्र छंद आहे, त्यात पडलात तर परत येणार नाही. सोन्यातही एक प्रयोग झाला, क्वार्टर गिनी, 1718 मध्ये, न्यूटन टांकसाळीचा प्रमुख असताना, आणि परत 1762 मध्ये, मग बंद. सोळा मिलीमीटरचं सोनं, खिशात कुठे गेलं पत्ता लागणार नाही, कोण वापरेल.

आता एक खास गोष्ट. इस्टरच्या आधीच्या गुरुवारी ब्रिटनचा राजा किंवा राणी अजूनही काही वृद्ध लोकांना 'मॉन्डी' नाणी वाटतात, चांदीची, एक, दोन, तीन आणि चार पेनीची, आणि राजाचं जेवढं वय तेवढे पेन्स. यातली पेनी 11 मिलीमीटरची, अर्ध्या ग्रॅमच्याही आत. तर सुरुवातीचं ते क्वार्टर फार्दिंग आठवा, त्याच्या राणीच्या बाजूला मॉन्डीच्या दोन पेनीचाच साचा वापरलाय! आकार तोच, चेहरा तोच, एक तांब्याचं आणि एक चांदीचं, आणि किंमत 32 पट. टांकसाळीत कोणीतरी म्हणालं असेल, नवीन कोरायला कशाला वेळ घालवता, हा आहे ना. शेजारी शेजारी ठेवून बघायला भारी वाटतं.

आता कामाचं सांगतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्या, सोनारवाल्यांकडे असतो तसला, छोटा डिजिटल. या नाण्यांत वजनच सगळं सांगतं, ओतून केलेली नकली वजनात किंवा जाडीत पकडली जातात. बघताना खाली जाड टॉवेल पसरा. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, ते प्लास्टिक काही वर्षांनी चिकट होतं आणि तांब्यावर हिरवा थर येतो, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि वर पेन्सिलीने लिहा. आणि कृपा करून चिंच-मीठ लावून चकाचक करू नका, तेवढं एक ऐका माझं. देवाचं ताम्हन वेगळं, हे वेगळं, तांब्याचा तो तपकिरी रंग गेला की नाण्याची निम्मी किंमत गेली.

सुरुवात कशाने करायची असं विचाराल तर 1844 चं हाफ फार्दिंग. 1842 मध्ये हे नाणं खुद्द ब्रिटनमध्ये पण चालू केलं होतं, ते तिथे फार काही रुजलं नाही आणि 1869 संपताना बाद झालं, पण 1844 ची भरपूर उरली आहेत, थोड्या पैशात चांगल्या अवस्थेतलं मिळतं. घेतलंत की भिंगाखाली 'रेजिना', म्हणजे लॅटिनमध्ये राणी, या शब्दावर नजर ठेवा, काही नाण्यांवर त्यातला ई हा एन वर ठोकलेला आहे, आधी चुकून एन ठोकला आणि मग वरून दुरुस्त केला, खालचा एन नीट दिसतो. विकणाऱ्याच्या लक्षात बऱ्याचदा आलेलं नसतं, तेव्हा साध्या भावात मिळालं तर गप्प घ्या आणि घरी येऊन मला फोटो पाठवा.