वायजीचा फोटो

[पडदा काळा. सायकलच्या चेनची करकर. लांबून इंजिनाची शिट्टी.]

हा बिस्किटांचा डबा. झाकणाला गंज चढलाय, पण आत बटर पेपरात गुंडाळलेल्या निगेटिव्ह बऱ्यापैकी शाबूत आहेत. नऊ रोल. एका रोलला बारा फोटो, म्हणजे १०८. त्यातला एक अख्खा रोल काळा, त्याची गोष्ट पुढं येईल. सहा फोटो मामाच्या लग्नातले. कॅमेरा मामाचा होता, तेवढं भाडं द्यावंच लागलं. उरले ९०.

हे ९० फोटो वाफेच्या इंजिनांचे. १९८३ च्या जूनपासून, म्हणजे मी आठवीत गेलो तेव्हापासून, दहावीची परीक्षा संपेपर्यंतचे. गाव मिरज.

आणि या ९० फोटोंत यार्डात रोज दिसणाऱ्या वायजी या मालगाडीच्या इंजिनाचा एकही धड फोटो नाही. आमच्या गावच्या कुणा जुन्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. पंढरपुरात वाढला आणि विठोबा बघायचा राहिला, त्यातली गत.

[मिरज जंक्शनचा जुना नकाशा. तीन रंगांत तीन रेषा.]

बाहेरच्या लोकांना मिरज म्हटलं की सतारी आठवतात, नाहीतर दवाखाने. आम्हा पोरांना आठवायचे रूळ. तीन मापांचे. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. बेळगाव, लोंढा, हुबळीकडं जाणारा मार्ग मीटरगेजच राहिला. आणि तिसरी आमची लाडकी बार्शी लाईट: मिरजेहून आरग, कवठे महांकाळ, सांगोला करत पंढरपूर आणि पुढं कुर्डुवाडी. तिचे रूळ अडीच फुटांचे. लहान मूलसुद्धा एका ढांगेत ओलांडेल.

ब्रॉडगेजच्या डिझेलकडं आम्ही ढुंकून बघत नव्हतो. डिझेल म्हणजे चालता डबा. कुठनं काय फिरतंय ते दिसतच नाही. वाफेच्या इंजिनाचं सगळं बाहेर असतं. दट्ट्या पुढंमागं होतो, त्याला दांडा, दांड्याला चाकं. तेरा वर्षांच्या पोराला नुसतं बघून कळतं की हे यंत्र चालतं कसं. निदान कळल्यासारखं वाटतं.

[कॅमेरा हातात. मागची लाल काचेची खिडकी जवळून.]

हा आगफा क्लिक थ्री. बडोद्यात बनलेला. त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बहुतेक हाच असायचा. १२० चा रोल, चौकोनी फोटो. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत बघत रोल पुढं सरकवायचा. ऊन असेल तर खटका इकडं, ढग असतील तर तिकडं. बाकी ठरवण्यासारखं काही नाही.

गोम वेगात होती. याचं शटर सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागाइतकं उघडं राहतं, आणि ते बदलता येत नाही. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी तेवढ्या वेळात फूटभराहून जास्त पुढं सरकते. म्हणजे बाजूनं फोटो काढला की इंजिनाचं पिठलं. माझे पहिले दोन रोल निव्वळ पिठलं आहेत. बघा.

[चार फोटो एकापाठोपाठ. सगळे पुसट.]

मग अक्कल आली. धावत्या गाडीचा फोटो काढायचा तर ती अंगावर येत असतानाच काढायचा. समोरून, जरा तिरकं उभं राहून. समोरून येणारी वस्तू फ्रेममध्ये फारशी सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. यामुळं घरच्यांचा मात्र गैरसमज झाला की पोरगं रुळावर उभं राहतं. रुळावर नव्हे, रुळाच्या कडेला. आईला हा फरक शेवटपर्यंत पटला नाही, आणि आज मलाही तिचंच बरोबर वाटतं.

दुसरी अक्कल उजेडाची. इंजिन काळं, त्याची चाकं पोटाखाली. भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं आणि चाकांच्या जागी नुसता अंधार उरतो. सकाळी आठच्या आत सूर्य खाली असतो, तेव्हा ऊन आडवं शिरून दांडे, चाकं, खिळे सगळं उजळतं. शिवाय थंडीत वाफ दिसते. वाफ स्वतः दिसत नसतेच. थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात, तो पांढरा ढग आपल्याला दिसतो. मे महिन्यात तेच इंजिन तितकीच वाफ सोडतं आणि फोटोत ते मुक्यासारखं उभं असतं. म्हणून आमचा हंगाम दिवाळी ते संक्रांत.

एका रोलचे पैसे, तो धुवायचे वेगळे, छापायचे वेगळे. मोठे फोटो परवडायचे नाहीत. निगेटिव्हच्याच मापाचे, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे प्रिंट मिळायचे. ते वहीत चिकटवायचे, खाली तारीख, इंजिनाचा नंबर. बारा फोटो दोन-दोन महिने पुरवायचे म्हणजे खटका दाबण्याआधी मनात वाद चालायचा. हे इंजिन फोटो काढण्याच्या लायकीचं आहे का? वायजी या वादात दर वेळी हरायचं.

[स्टेशनवरची पाटी: छायाचित्र काढण्यास मनाई.]

आणखी एक अडचण म्हणजे ही पाटी. रेल्वेच्या हद्दीत परवान्याशिवाय फोटो काढायला बंदी होती. युद्धात शत्रूला पूल आणि यार्ड कळू नयेत म्हणून. त्यामुळं आमचे बहुतेक फोटो हद्दीच्या बाहेरून आहेत: फाटकापाशी, उसाच्या बांधावरून, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून. एकदा एका मोठ्या जंक्शनवर, नाव घेत नाही, मी फलाटावरूनच धाडस केलं. खाकी वर्दीतल्या एकानं खांद्यावर हात ठेवला.

"काय कराय लागलायस रं?"

"काय नाही, काका. इंजिन."

"उघड ते."

मी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. भर उन्हात. त्यांनी रोल वीतभर बाहेर ओढून बघितला, जणू आत इंजिनं रांगेत बसलेली दिसणार होती. मग तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, जा, अभ्यास कर. तो हा काळा रोल. टाकवला नाही.

[आरगचं स्टेशन, आजचं. मग जुना फोटो: छोटं इंजिन, मागं डबे, टपावर माणसं.]

या ९० पैकी ५२ फोटो बार्शी लाईटचे आहेत. कारण सरळ आहे, ती गोड दिसायची. सायकलनं आरगपर्यंत जायचं, बाभळीखाली बसायचं, डबा खायचा. गाडी यायची तेव्हा यायची.

तेव्हा मला ती खेळण्यातली गाडी वाटायची. नंतर वाचलं तेव्हा कळलं की खेळणं वगैरे काही नाही, तिच्यामागं एका इंजिनिअरचा हट्ट होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. त्याचं म्हणणं असं की रूळ हलके ठेवायचे आणि गाडीचं वजन जास्त चाकांवर वाटून द्यायचं. इंजिन असो, मालाची वाघीण असो, एका आसावर पाच टनांच्या वर भार नको. मग तीस पौंडी, म्हणजे यार्डाला तीस पौंड वजनाचा, बारीक रूळसुद्धा पुरतो आणि डबे मात्र चांगले लांबरुंद करता येतात. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये आमच्या मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. मधल्या काळात या गृहस्थानं वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवलं होतं. एकच माणूस वारकऱ्यांना चंद्रभागेला पोचवणार आणि वैमानिकांना जमिनीवर उतरवणार. मला हे फार आवडतं.

आषाढीच्या आधी या गाडीवर जागा नसायची. आत माणसं, दारात माणसं, टपावर माणसं. इंजिन चढावर दमायचं, तेव्हा काही जण उतरून शेजारनं चालायचे आणि परत चढायचे. असा फोटो माझ्याकडं नाही. आषाढात आभाळ गच्च, क्लिक थ्रीला तेवढा उजेड पुरत नव्हता.

[फोटो: वायपी इंजिन, समोरून. तोंडावर पितळी चकाकी.]

उरलेले बहुतेक वायपीचे. मीटरगेजवरच्या पॅसेंजर, एक्स्प्रेस गाड्यांचं इंजिन. मधली चाकं तीन जोड्या, प्रत्येक साडेचार फूट उंच. अंगापिंडानं सडपातळ. शेडमधले लोक त्याचं पितळ घासून घासून आरसा करायचे. १९४९ पासून १९७० पर्यंत अशी ८७१ इंजिनं बनली.

एका वायपीवरच्या ड्रायव्हरचाचांशी आमची ओळख झाली होती. पाणी भरायला इंजिन थांबायचं तिथं भिंतीला एक खिंडार होतं. एकदा मी म्हटलं, "चाचा, निघताना जरा काळा धूर काढा की. फोटोत भारी दिसतो."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "काळा धूर म्हंजे न जळलेला कोळसा, बेटा. तो वर गेला की आमची इज्जत गेली. चांगला फायरमन थोडा थोडा कोळसा टाकतो, पातळ पसरून. धुराड्यातनं नुसती हवा हलल्यासारखी दिसली पाहिजे."

त्यानंतर धुराचे फोटो बघायची माझी नजरच बदलली. कॅलेंडरवर काळ्याकुट्ट ढगात बुडालेलं इंजिन दिसलं की मला त्या फायरमनची कीव येते. चाचांनी पुढं कधीतरी माझ्यासाठी धूर काढला का? काढला. एकदाच, माझ्या वाढदिवसाला. हा तो फोटो. हललाय.

[पुसट फोटो. पांढरं आभाळ, वर काळा डाग.]

आता वायजी.

वायजी म्हणजे मालगाडीचं इंजिन. मधली चाकं चार जोड्या, उंची चार फूट, वायपीपेक्षा बुटकी. वेग कमी, ओढ जास्त. १०७४ बनली. मिरजेच्या यार्डात कधीही बघा, एखादं वायजी उभंच. शंटिंग करतंय, राख पाडतंय, नाहीतर नुसतं उसासे टाकतंय. अंगावर कोळशाची भुकटी, पितळ कुणी घासायचं नाही. आमच्या शाळेच्या खिडकीतून दिसायचं ते वायजीच. रोज दिसणाऱ्या वस्तूवर रोलमधला बारावा भाग कोण घालवणार? उद्या काढू, असं मी नक्की किती वेळा म्हटलं असेन.

१९८५ च्या डिसेंबरात एक गोरा माणूस आला. पन्नाशीचा, गळ्यात दोन कॅमेरे, खिशात परवान्याचं पत्र. आमच्यासाठी हे सिनेमातला नट येण्यासारखंच. आम्ही तिघं त्याच्यामागं. चकाचक वायपी एक्स्प्रेस घेऊन निघालं, त्यानं एक फोटो काढला, तोही उगाच काढल्यासारखा. मग तो यार्डाच्या टोकाला गेला आणि तासभर एका मळक्या वायजीसमोर बसून राहिला. चाकांचे फोटो. पाण्याच्या नळाचे फोटो. राखेच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाचा फोटो, आधी हातानं खुणावून, विचारून. नंबर वहीत लिहून घेतला. माझा मित्र म्हणाला, याला कुणीतरी चुकीचं इंजिन दाखवलंय रं, जाऊन सांगूया का? इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं म्हणून राहिलं.

त्याच्या देशात काय झालं होतं ते आम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. इंग्लंडात १९६८ च्या ऑगस्टात मुख्य मार्गांवरची वाफ संपली. पश्चिम जर्मनीत १९७७ मध्ये. तिथली शाळकरी पोरंही हातात वही आणि स्वस्तातला कॅमेरा घेऊन फलाटांच्या टोकाला उभी राहायची. तीच पोरं मोठी होऊन पैसे साठवून भारतात यायची, कारण इथं अजून कोळसा जळत होता. तो त्यांतला होता की नाही, कोण जाणे. मी विचारलंच नाही.

[चित्तरंजनच्या कारखान्याचं जुनं दृश्य.]

गंमत अशी की चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ मध्ये जे शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं, ते वायजीच होतं. मी शाळेच्या खिडकीतून ज्याला म्हातारं समजत होतो, त्यातलं एखादं माझ्याच वयाचं असू शकेल.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. मी शिकायला पुण्याला गेलो. सुट्टीला आलो तेव्हा यार्डात डिझेल उभं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये जालंधर-फिरोजपूर मार्गावर देशातली ब्रॉडगेजची नेहमीची वाफेची गाडी शेवटची धावली. मीटरगेजवरची वाफ आणखी काही वर्षं गुजरातेत तग धरून होती. आमचा लोंढ्याचा मार्ग ब्रॉडगेज झाला. नव्या शतकात बार्शी लाईटचे अडीच फुटी रूळही उखडले. आरगला आता मोठे रूळ आहेत. बाभूळ नाही.

[संगणकाचा पडदा. एक निगेटिव्ह हळूहळू मोठी होते.]

गेल्या पावसाळ्यात निगेटिव्हना बुरशी धरायला लागली म्हणून पोरीनं बसवून सगळ्या स्कॅन करून घेतल्या. हा सातव्या रोलचा चौथा फोटो. वहीत नोंद आहे: बार्शी लाईट, मिरज, सकाळी ७.४०. छोटं इंजिन मधोमध, छान उजेड, चाकं स्पष्ट. माझा सगळ्यात चांगला फोटो. काडेपेटीएवढ्या प्रिंटमध्ये मागं नुसता एक काळा ठिपका होता.

आता उजवी कड बघा. अजून मोठं कर गं.

ते वायजी आहे. निम्मं. केबिनचा मागचा भाग आणि टेंडर, म्हणजे मागची कोळसा-पाण्याची गाडी. पुढचं सगळं फ्रेमच्या बाहेर. क्लिकची भिंग कडेला मऊ पडते, त्यामुळं सगळं जरा विरघळल्यासारखं. टेंडरवर एक माणूस चढलाय, पाण्याच्या नळाची सोंड तोंडाशी धरून उभा आहे. बनियन, डोक्याला फडकं. पाणी सांडतंय खाली, त्या धारेवर ऊन आलंय.

केबिनवर नंबर असतो. पहिले आकडे सोंडेच्या सावलीत गेलेत. शेवटचे दोन दिसतात. चार, आणि त्यापुढचा सात.

पोरगी म्हणते सात नाही, एक आहे.

[पडद्यावर तो आकडा. आणखी मोठा. आणखी. फक्त दाणे उरतात.]