ओल्या केसांखालची खाज

नमस्कार श्रोतेहो. मृग लागला की आमच्या कोकणात पडवीतल्या कुत्र्यांची खाज सुरू होते. रात्री पट्ट्याचा खुळखुळाट थांबत नसेल, मागच्या पायानं मान खरवडल्याचा आवाज येत असेल, तर उठा, दिवा लावा आणि केस बाजूला सारून कातडी बघा.

मी हे दोन दिवस टाळलं. आमच्या मोत्याच्या चामडी पट्ट्याखाली ओल मुरली होती. तिसऱ्या दिवशी पट्टा सोडला तर बोटांना चिकट लागलं. केस गेलेला, लालबुंद, तळहाताएवढा चट्टा, आणि त्याला वास. याला हॉट स्पॉट म्हणतात. कुत्रं चाटत, खाजवत राहिलं की तो काही तासांत पसरतो. डॉक्टरांनी भोवतीचे केस कापले, जखम जंतुनाशकानं धुतली आणि खाजवू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली.

कुत्र्याच्या कातडीवर यीस्ट नावाची बुरशी आणि जिवाणू एरवीही असतात. ऊब आणि ओल मिळाली की ते फोफावतात, तेही कानात, काखेत, जांघेत, बोटांच्या बेचक्यांत, म्हणजे वारा पोचत नाही तिथंच. आंबूस वास, तेलकट कातडी, सारखे पाय चाटणं ही त्याची लक्षणं. म्हणून पावसातून आल्यावर जुन्या पंचानं आधी पंजे आणि बेचक्या कोरड्या करा, मग पाठ. आपला साबण त्याला नको, त्यानं कातडी कोरडी पडून खाज वाढते. डॉक्टरांनी औषधी शॅम्पू दिला असेल तर तो अंगावर 10 मिनिटं राहू द्या. लगेच धुतलात तर औषध वाया जातं.

गोचिडांचं मात्र वेगळं आहे. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली पडते आणि जांभ्या दगडाच्या भेगेत हजारो अंडी घालते. नुसत्या कुत्र्याला औषध लावून भागत नाही. भिंतीच्या भेगा, गोणपाट, त्याची बसायची जागा, सगळंच साफ करावं लागतं. गोचीड नुसती खाज देत नाही, रक्तात तापाचे जंतू सोडते. कुत्रं जेवेनासं झालं, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचिडाचं औषध तिला चुकूनही लावू नका. त्यातल्या काही औषधांनी मांजर दगावतं.

आता मनाला लागलेली एक गोष्ट सांगतो. लूत भरलेल्या कुत्र्याच्या अंगावर गॅरेजमधलं जळकं ऑइल किंवा रॉकेल ओतायची पद्धत अजून गावोगाव आहे. ओतणाऱ्याला कणव असते, हे मी जाणतो. पण त्यानं सोललेली कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटून पोटात घेतं. लूत होते सूक्ष्म किड्यांमुळं, आणि त्यावर आज चांगली औषधं मिळतात. फक्त डोस वजनावर ठरतो आणि काही जातींना ठरावीक औषधं सोसत नाहीत, म्हणून ती स्वतःच्या मनानं देऊ नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. एका प्रकारची लूत माणसालाही खाज आणते, तेव्हा औषध लावताना हातमोजे घाला.

मोत्याच्या मानेवर महिन्याभरानं केस आले. त्याचा पट्टा आता रात्री खुंटीला असतो.

नमस्कार.