मोपेडचा दिवा का मिणमिणतो?

नमस्कार, श्रोतेहो. जिन्याखाली अजून एखादी लुना किंवा तिच्या वयाची दुसरी मोपेड धूळ खात उभी असेल, तर आजच्या गप्पा तुमच्यासाठी. १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना आणली. ५० सीसीचं इंजिन, पेडल मारायचं आणि निघायचं.

दिवा लागेना की आपण पटकन म्हणतो, बॅटरी उतरली असेल. अहो, त्या साध्या मोपेडना बॅटरी नसायचीच! इंजिनाबरोबर फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक फिरतं, त्यातली चुंबकं आतल्या कॉइलभोवती, म्हणजे तारेच्या वेटोळ्याभोवती फिरतात आणि ६ व्होल्टची वीज तयार होते. ती थेट बल्बला. म्हणून गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवा मिणमिणतो आणि रेस केली की उजळतो. हा बिघाड नव्हे, तिचा स्वभावच तसा. रेस करूनही काजवाच राहिला, तर मात्र हात घालायचा.

माझीच फजिती सांगतो. जुनी मोपेड हौसेनं रंगवली. निळाशार रंग, दोन हात. संध्याकाळी चालू केली तर पुढचा दिवा नुसता लालसर. बल्ब बदलला, होल्डर बदलला, स्विच खोलून रॉकेलनं धुतला. दोन दिवस गेले. शेवटी लक्षात आलं, वीज बल्बपर्यंत वायरनं जाते, पण परत येते ती गाडीच्या सांगाड्यातून. आणि दिव्याची अर्थची वायर जिथं स्क्रूनं सांगाड्याला कसली होती, तिथं मीच रंग फासला होता! काचपेपरनं रुपयाएवढी जागा चकचकीत घासली, वायरचं टोक घट्ट आवळलं, पेडल मारलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला.

रंगाचं काम गंजही करतो. ६ व्होल्टवर १५ वॅटचा बल्ब म्हणजे अडीच अँपिअरचा प्रवाह. इतक्या कमी व्होल्टेजला गंजाचा पातळ थरही भारी पडतो.

अर्थ ठीक असेल तर कॉइलकडून येणारी दिव्याची वायर सोडवा आणि थेट बल्बला लावून बघा. बल्बचं दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवा. लागला, तर कॉइल शाबूत आहे. दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये. हँडल वळतं तिथं वायर हमखास घासते, आधी तिथं बघा. या तपासणीला पुढचाच बल्ब घ्या. मागचा इवलासा बल्ब एकटा लावून रेस केली, तर तो उडालाच म्हणून समजा. रस्त्यातही तसंच होतं. पुढचा गेला की त्याच्या वाटची वीज मागच्यावर येते आणि पाठोपाठ तोही जातो. लोक दुकानदाराला शिव्या घालतात!

व्होल्टेज मोजायचा मीटर असेल तर तो एसीवर ठेवा, कारण या कॉइलची वीज एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी असते. डीसीवर शून्य दिसतं आणि चांगली कॉइल भंगारात जाते. जास्त वॅटचा बल्ब लावायचा मोहही नको, कॉइलला तो झेपत नाही, उजेड उलट कमी होतो.

आणि कॉइलच गेली असेल, तर फ्लायव्हील पुलरनंच, म्हणजे ते ओढून काढायच्या हत्यारानंच काढा. हातोडीनं ठोकलंत, तर चुंबकांचा जोर जाईल आणि नव्या कॉइलवरही दिवा लालच राहील.