वैकुंठाहून परतलेले तुकोबा

अध्यक्षमहाराज आणि सोलापूरकर श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘अशांत काळातील संतपट : करुणेचा आणि शांतीचा संदेश’ असा भारदस्त विषय छापला आहे आणि त्याला न्याय देण्याची माझी मनापासून इच्छा आहे, परंतु एक जुना प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. ज्यांनी तो माझ्या तोंडून पूर्वी ऐकला असेल, त्यांनी कृपया शेजाऱ्याला शेवट सांगू नये.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दाखवला जाई. पडदा मांजरपाटाचे दोन पट जोडून शिवलेला असे आणि त्याची शिवण नेमकी तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या नाकावरून जाई. गिरण्यांच्या गावात अखंड कापड मिळू नये, ही माझी जुनी तक्रार आहे. ती आज बाजूला ठेवतो. एका वर्षी यंत्र चालवणाऱ्याकडून रिळांची अदलाबदल झाली. तुकोबा गरुडविमानातून वैकुंठाला गेले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, कोणीतरी नारळही फोडला, आणि पुढच्याच क्षणी तुकोबा पुन्हा देहूत, आवलीची बोलणी खात उभे! एकच हशा पिकला. आमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या तेलुगू भाषक मावशी बसल्या होत्या. अभंग त्यांना अर्धेमुर्धे कळत, आवलीची भाषा मात्र पुरती कळे. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. “बरं झालं परत आला,” त्या म्हणाल्या, “घरी लेकरं उपाशी होती.”

श्रोतेहो, इतक्या वर्षांत या चित्रपटावर याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात आलेली नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि विमानाच्या चमत्काराविषयीही भरभरून बोलतो. परंतु आजारी मुलासाठी वहाण हातात घेऊन थेट विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरणारी आवली, जी गौरीबाईंनी उभी केली, ती नसती तर तुकोबांची करुणा हवेतच राहिली असती. दुसऱ्याच्या भुकेची जाणीव संताला देवाने नव्हे, तर घराने करून द्यावी, हे त्या चित्रपटाचे खरे धाडस आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते माझ्या लक्षात आले. तेव्हा जाहीर केलेला विषय आता धावतच उरकावा लागेल. ज्या शहराने १९३० साली मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना एकाच दिवशी फासावर जाताना पाहिले, त्याला अशांत काळ म्हणजे काय, हे मी समजावून सांगायला नको. त्यानंतरच्या दहा वर्षांतच हे संतपट निघाले. १९३५ साली एकनाथांवरील चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नाव सेन्सॉरला खुपले म्हणून ते ‘धर्मात्मा’ करावे लागले; अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत पडद्यावर आणणे हे केवळ भक्तीचे काम नव्हते, हा त्याचा अर्थ. ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले यांनी शेख फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केला, आणि त्याच जोडीच्या १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये माउलींची भूमिका ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या शाहू मोडक यांनी केली. प्रेक्षकांनी त्यांना धर्म विचारला नाही, नमस्कार केला.

१९४१ सालच्या ‘शेजारी’ या चित्रपटाविषयी बोलायचे राहिले. पण आभार मानणारे गृहस्थ कागद घेऊन उभे राहिले आहेत, म्हणून ते चहाच्या वेळी सांगेन.