अळणी आमटी आणि विजेचा चमचा

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाचा रक्तदाब वाढला की आधी पानातलं लोणचं जातं, मग पापड, आणि शेवटी आमटीतलं मीठ. माझ्या आईचं असंच झालं. ती कधी तक्रार करायची नाही, फक्त दोन घास कमी जेवायची. तिचं जेवणावरचं मन उडत चाललेलं मला दिसत होतं.

म्हणूनच जपानमधल्या एका चमच्याबद्दल वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. मिसो सूप, रामेन, सोया सॉस, लोणची असा तिथला आहार. माणशी रोज सुमारे 10 ग्रॅम मीठ पोटात जातं आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ग्रॅमच्या आत ठेवा. मेइजी विद्यापीठाचे प्राध्यापक होमेई मियाशिता आणि किरिन ही पेयं बनवणारी कंपनी यांनी मिळून विजेवर चालणारा चमचा तयार केला. 2024 च्या मे महिन्यात तो विक्रीला आला.

तो चालतो कसा? मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले सोडियमचे कण सगळीकडे पसरतात. त्यातले बरेचसे जिभेला न लागताच घशाखाली उतरतात. या चमच्यातून अगदी सौम्य वीज वाहते, ती हे कण जिभेकडे ओढून आणते. मीठ तेवढंच, पण खारटपणा जास्त जाणवतो. मात्र चमचा तोंडात क्षणभर धरावा लागतो. घाईनं गिळून चालत नाही.

भांड्यानं चव बदलते हे आपल्याला ठाऊक आहेच. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. पण भांड्यानं गेलेली चव परत आणून द्यावी, हे मला नवं होतं.

2024 मध्ये विक्रीला आला तेव्हा त्याची किंमत मात्र 19,800 येन होती, म्हणजे आपले दहा हजारांहून जास्त रुपये. औषधांचा खर्च आधीच चालू असलेल्या घराला ही रक्कम जड आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपण वरणभात हातानं कालवून खातो. आमटी चमच्यानं नाही, वाटी तोंडाला लावून भुरक्यानं पितो. मियाशितांच्या चमूनं अशा वाटीचाही प्रयोग केला आहे, आणि मला चमच्यापेक्षा तीच जवळची वाटते. ती वाटी आमच्या स्वयंपाकघरात आली, तर पहिल्या दिवशी मी तिच्यात चिंचगुळाची आमटी वाढीन, मीठ अर्धंच घालून.