थाप किती, घुमारा किती: ड्रमसाठी ट्रान्झियंट शेपर निवडताना

सगळे आले का? मागं उभे असलेले भाऊ, समोर सतरंजीवर येऊन बसा, स्पीकर दोनच आहेत आणि आज जे ऐकवायचं आहे ते मागं नीट पोचणार नाही.

दिवाळीनंतर मला वडशाकडच्या एका पोट्ट्याचा मेसेज आला, दादा ड्रमसाठी कोणता ट्रान्झियंट शेपर घेऊ, म्हणजे ठोक्याची थाप आणि मागचा घुमारा वेगवेगळा कमी-जास्त करणारं साधन, आणि खाली सात प्लगिनची, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, नावं. मी म्हटलं नावं राहू दे, तू रेकॉर्डिंग पाठव. त्यानं पाठवलं. मंडईच्या, म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, वेळची दंडार होती, आपलं नाचगाण्याचं लोकनाट्य, टिनाच्या छपराखाली रेकॉर्ड केलेली, ढोलकीला एक माइक आणि गाणाऱ्याला एक. आता ऐकलं तर थापेत काहीच कमी नव्हतं, चांगली कडक थाप होती, पण प्रत्येक थापेमागून टिनाचं जे झणझण यायचं त्यात गाणाऱ्याचे अर्धे शब्द बुडून जात होते. म्हणजे त्याला सस्टेन, मागचा घुमारा, कमी करायला काहीतरी पाहिजे होतं आणि तो अटॅक, म्हणजे थाप, वाढवायला सात प्लगिन पाहून राहिला होता. तेव्हाच ठरवलं की यावर एकदा समोरासमोर बोलायचं, कारण हे त्या एकट्याचं नाही, आपल्याकडं घरी बसून मिक्स करणारे बरेच पोट्टे आधी प्लगिन निवडतात आणि मंग त्याला लावायला दुखणं शोधतात.

ढोलकीचा एकच ठोका घ्या. हात कातड्यावर पडतो ते पहिले काही मिलिसेकंद, ती थाप. त्यानंतर आतली हवा घुमते, कातडं थरथरत राहते, भिंतीवरून आवाज परत येतो, तो सगळा घुमारा. ट्रान्झियंट शेपर या दोन्हीला वेगवेगळा हात लावतो, अटॅकचा नॉब थापेला आणि सस्टेनचा नॉब घुमाऱ्याला. जर्मनीच्या एसपीएल कंपनीनं १९९८ मध्ये ट्रान्झियंट डिझायनर नावाचा डबा काढला त्यात प्रत्येक चॅनेलला हे दोनच नॉब होते, अटॅक १५ डेसिबल वर-खाली आणि सस्टेन २४ डेसिबल वर-खाली. आज तुम्ही जे प्लगिन पाहता त्यातले बहुतेक त्याच विचाराचे आहेत, वर रंगरंगोटी कितीही असो.

आता आतमध्ये काय चालते ते समजून घ्या, कारण निवड तिथंच होते. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, दोन जोड्या सोबत सुटल्या समजा, एक जोडी सुटल्यासुटल्या झेपावते आणि दुसरी हळूहळू वेग धरते, तर सुरुवातीला दोघींत मोठं अंतर पडते आणि नंतर ते भरून निघते. शेपरमध्ये आवाजाची उंची मोजणारे असेच दोन मोजणारे असतात, एक चपळ आणि एक मंद. चपळवाला मंदाच्या पुढं गेला की प्लगिन समजते थाप आली, आणि तेवढ्याच वेळापुरता आवाज वाढवते किंवा कमी करते. यात थ्रेशोल्ड, म्हणजे आवाज अमुक उंचीच्या वर गेला की काम सुरू अशी रेघ, लागत नाही, कारण फरक मोजला जाते, आवाज किती मोठा आहे ते नाही. कॉम्प्रेसरनं, म्हणजे मोठा आवाज दाबणाऱ्या साधनानं, थाप काढायची तर त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागायचा वेळ, तीस-चाळीस मिलिसेकंद ठेवून काम भागते, पण तो थ्रेशोल्डच्या वर गेलेल्या ठोक्यांवरच चालते, भजनात गाणारा हळू झाला आणि ढोलकीवाल्यानं हात हलका केला की कॉम्प्रेसर काही करतच नाही. शेपर हलक्या बोटाच्या ठोक्यालाही तेवढंच टोक देते. कधी हे चांगलं असते आणि कधी नाही, कारण ढोलकीवाल्यानं जो ठोका मुद्दाम दबका वाजवला तोही टोकदार होऊन समोर येते. असं झालं तर ज्यात सेन्सिटिव्हिटी आहे असा शेपर पाहा, वेव्हजच्या स्मॅक अटॅकमध्ये अटॅक आणि सस्टेन दोन्हीची सेन्सिटिव्हिटी वेगळी आहे, शिवाय थापेचा आकार निडल, नेल किंवा ब्लंट निवडता येते. आपल्या ढोलकीला मला ब्लंटच बरा वाटतो, निडल लावला की कातड्याऐवजी नख वाजल्यासारखं होते.

त्या दोन मोजणाऱ्यांवरून दुसरी गोष्ट निघते आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एका मात्रेत चार ठोके वाजले तर दोन ठोक्यांत साधारण ९४ मिलिसेकंदांचं अंतर राहते. भजनात लग्गी, म्हणजे जलद ठोक्यांचं वाजवणं, सुरू झाली की हेच होते. आता मंद मोजणारा पहिल्या ठोक्यावर वर चढला आणि खाली उतरायच्या आत दुसरा ठोका आला, मंग दोघांत अंतरच पडत नाही, म्हणून पहिला ठोका उडी मारून येते आणि बाकीचे तिथंच बसून राहतात. एका खंजिरी भजनाच्या रेकॉर्डिंगवर मी दोन दिवस हे शोधत होतो, मला वाटे वाजवणाऱ्याचा हात असमान पडला, आणि तो माणूस पस्तीस वर्षांपासून राष्ट्रसंतांची भजनं वाजवते, त्याचा हात कशाला असमान पडेल. प्लगिन बंद केलं आणि सगळे ठोके सारखे निघाले. त्याला मी फोन करून तेव्हाच माफी मागितली. म्हणून शेपर घ्यायच्या आधी त्यात स्पीड किंवा रिलीजसारखा काही नॉब आहे का पाहा. किलोहार्ट्सच्या ट्रान्झियंट शेपरमध्ये स्पीड आहे आणि तो त्यांच्या फुकटच्या इसेन्शियल्समध्ये मिळते. ताशाच्या तर्रीवर तर अटॅक वाढवायच्या भानगडीत पडूच नका, तिथं दोन ठोक्यांत जागाच नाही, तिथं इक्यूनं, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनानं, काम करा.

खंजिरीचं अजून एक आहे. तिच्यात कातडं आणि झांजा एकाच हातानं वाजतात. पूर्ण आवाजावर अटॅक वाढवला तर झांजा आधी टोचतात, कातड्याची थाप मागंच राहते. अशा वेळी बँड, म्हणजे जाड-बारीक आवाजाचे पट्टे, वेगळे करणारा शेपर लागते. आयझोटोपच्या न्यूट्रॉनमध्ये तीन बँडचा आहे, प्रत्येक बँडला अटॅक आणि सस्टेन वेगळं. सॉनॉक्सच्या एन्व्होल्यूशनमध्ये ट्रान्झियंट आणि सस्टेन हे दोन वेगळे भाग आहेत आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीवर काम करायचं ते दोन्हीत आपल्याला सांगता येते. ढोलकीच्या जाड बाजूवर घुमारा वाढवायचा आणि बारीक बाजूला हात लावायचा नाही, हे बँड वेगळे असल्याशिवाय होत नाही. पण याची किंमत आहे, पैशाची नाही म्हणत. बँड वेगळे करणाऱ्या बहुतेक प्लगिनमध्ये क्रॉसओव्हरच्या, म्हणजे दोन बँड जिथं मिळतात त्या जागेच्या, आसपास फेज हलते, म्हणजे आवाजाच्या लाटा मागंपुढं सरकतात, आणि तुम्ही ढोलकीला दोन माइक लावले असतील आणि एकावरच हे प्लगिन टाकलं असेल तर दोन्ही मिळून जाड बाजू पातळ होऊ शकते. मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका. पातळ झाली तर दोन्ही माइक एका बसवर, म्हणजे एका सामायिक चॅनेलवर, घ्या आणि प्लगिन त्या बसवर टाका.

आता आपल्या भागातलं खरं दुखणं, उन्हाळा. मे महिन्यात कूलर बंद करून रेकॉर्ड करा म्हणणाऱ्यानं आपला मे पाहिलेला नाही. कूलर चालू असते आणि माइकमध्ये येते. तसा कूलरचा आवाज एकसारखा असते म्हणून शेपर त्याला हात लावत नाही, पण सस्टेन वाढवला की प्रत्येक ठोक्याच्या मागून घुमाऱ्यासोबत कूलरही वर येते आणि परत खाली जाते. समुद्राच्या लाटेसारखं. एवढं ऐकून मला एकानं विचारलं होतं की दादा हा रिव्हर्ब, आवाज घुमवायचा इफेक्ट, कोणता. कूलर असलेल्या ट्रॅकवर सस्टेन कमीच करायचा, वाढवायचा असेल तर आधी आवाज साफ करा, किंवा पहाटे चार वाजता रेकॉर्डिंग ठेवा, आमच्याकडं तसंच करतात. पहाटे कातडंही ठिकाणावर असते. पावसाळ्यात सैल पडलेलं कातडं शेपरनं घट्ट होत नाही हेही सांगून ठेवतो. डफ शेकल्याशिवाय त्यातून टणक आवाज येत नाही, आणि न शेकलेल्या डफावर अटॅक १० डेसिबल वाढवला तर फक्त हाताचा फटका मोठा होते. शेकोटी स्वस्त पडते.

आणि ऑक्टापॅड, तो काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या, नाटकात आता तो असतेच, त्याचे आवाज आधीच कापूनकोरून बसवलेले असतात. त्यावर शेपर लावून काही मिळत नाही. मी लावत नाही.

अटॅक वाढवल्यावर शेवटी लिमिटर, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, काय करते तेही पाहिलं पाहिजे. समजा तुम्ही थाप ६ डेसिबल वाढवली, पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, तेवढा वर गेला, आणि मास्टरवर, म्हणजे सगळा मिक्स जिथून बाहेर पडते तिथं, लिमिटर बसला आहे, तो नेमका तोच पीक कापते. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, वर थोडी खरखर मिळाली ती वेगळी. यूट्यूबवर गाणं टाकल्यावर जास्त जोराचा आवाज ते स्वतःच खाली आणतात, म्हणून लिमिटर एवढा दाबायची गरज नाही, तो ढिला सोडा, थाप जिवंत राहते. आणि अटॅक वाढवल्यावर ट्रॅकचा एकूण आवाज मोठा होते, कानाला मोठा आवाज चांगलाच वाटते, म्हणून प्लगिनचा आउटपुट तेवढा खाली आणूनच चालू-बंद करून ऐका. हे केल्याशिवाय दोन शेपरची तुलना करूच नका. माझ्या तर अर्ध्या निवडी यानंच उलट्या झाल्या.

बरं, घ्यायचं काय? आधी घरात पाहा, ज्या सॉफ्टवेअरमध्ये मिक्स करता त्यातच असेल. लॉजिकमध्ये एन्व्हेलपर आहे, क्यूबेसमध्ये एन्व्हेलप शेपर आहे, एबलटनच्या ड्रम बसमध्ये ट्रान्झियंट्सचा नॉब आहे, एफएल स्टुडिओमध्ये ट्रान्झियंट प्रोसेसर आहे. ऑबर्न साउंड्सच्या कूचरची फुकट आवृत्ती आहे. चोरीचं प्लगिन टाकून कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घेऊन बसलेले तिघं मला माहीत आहेत, त्यातल्या एकाचं पूर्ण सीझनचं काम गेलं, नाटकाची सगळी गाणी, तसं करू नका. यातलं एक आणि एखादं बँड वेगळं करणारं, एवढ्यावर माझं काम चालते, पाच वर्षं झाली.

आणि निवडायचं तर स्वतःच्या रेकॉर्डिंगवर. ढोलकीवाल्याला विनंती करून आठ-दहा सेकंद वेगळे वाजवून घ्या: एक जोराचा ठोका आणि तो पूर्ण विरेपर्यंत शांतता, मंग हलक्या बोटाचे चार, मंग लग्गी. ज्या शेपरमध्ये लग्गीतला पहिला आणि शेवटचा ठोका सारखा येते आणि विरणारा घुमारा मधेच कापल्यासारखा वाटत नाही, तो तुमचा. प्लगिनच्या सोबत येणारे डेमो इंग्रजी ड्रमकिटचे असतात, त्यात आपली ढोलकी कुठून येईल. मी एकदा थाप खूप काढली होती आणि म्हाताऱ्या ढोलकीवाल्या काकाजीले ऐकवली, ते म्हणाले, "बाबू, हात तर मोठा केला तुनं, पण ढोलकी कुठी गेली?" अटॅक ८ वरून ३ वर आणला, सस्टेन जाड बाजूला २ वाढवला, मंग त्यांनी मान हलवली.

हो भाऊ, विचारा. मंचावर लाइव्ह लावायचा का? डिजिटल मिक्सरमध्ये असेल तर लावता येते, लॅपटॉपमधून जाणार असाल तर नको, काही प्लगिन पुढचा आवाज आधी पाहून काम करतात त्यात उशीर होते आणि ढोलकीवाल्याला मॉनिटरमध्ये स्वतःचाच हात मागून ऐकू येते, तो लय सोडते. आणि मंचावर सस्टेन कधीच वाढवायचा नाही, माइक शिट्टी मारतात. कमी करायचा, ३-४ डेसिबल, टिनाच्या मंडपात तेवढ्यानंच नटाचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जातात. चला, ती दंडार लावतो, आधी जशी आली तशी.