मराठी फक्त गणपतीला असते का?

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी. मला बोलायला सांगितलं होतं कॅनडातल्या आमच्या बारा वर्षांबद्दल. पण गेल्या रविवारपासून डोक्यात दुसरंच फिरतंय, ते आधी सांगतो.

लेकीचा आणि माझा वाद झाला. कारण एवढंसं, बर्फातून आलेले ओले बूट गालिच्यावर. माझा आवाज चढला, तिचाही. व्हिडिओ कॉल बंद करायचा राहिला होता. तिकडे इंदूरला माझी आई सगळं ऐकत होती. वाद निवल्यावर नऊ वर्षांची पोर म्हणाली, “बाबा, तुम्ही चिडलात की इंग्रजीच बोलता. मराठी फक्त गणपतीला असते का?”

मी गप्प राहिलो. आईही काही बोलली नाही.

मी इंदूरचा, लोकमान्य नगरात वाढलेला. आमचं घर माळव्यात कधी आलं हे आजोबांनाही नक्की ठाऊक नव्हतं. होळकरांच्या मागोमाग, एवढंच सांगायचे. 1818 साली इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदूरला आली. 1948 साली संस्थान विलीन झालं. राज्य गेलं तरी घरातली मराठी राहिली. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री मित्रांबरोबर हिंदी. उंबरठ्याच्या आत मराठी. पुण्याच्या मावशीला ती पटायची नाही, कारण आम्ही भाजी चिरत नव्हतो, ‘सुधारत’ होतो. मला ती मराठी आजही जिवापाड प्रिय आहे. आजी तिच्यातच पोहे-जिलबीला हाक मारायची आणि तिच्यातच शिव्या घालत पाठीत धपाटाही द्यायची. मराठीचा वर्ग कुणी लावला नव्हता. भांडायला तीच, रडायला तीच, शेजारणीची उणीदुणी काढायलाही तीच.

म्हणून इथे येताना मला वाटलं, दाराबाहेर परकी भाषा असणं आपल्याला काही नवं नाही.

मग तळघरातली खोली, इथला अनुभव नाही म्हणून हुकलेल्या नोकऱ्या. ते तुम्हाला काय सांगायचं! नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांत 1095 दिवस इथे काढलेले दाखवावे लागतात. वडील आजारी होते तेव्हा तिकीट काढताना मी ते दिवस मोजत होतो. अकरा दिवस राहून परतलो. ते गेले तेव्हा मी इथेच होतो. भारतीय पासपोर्ट परत केला, हाती ओसीआय कार्ड आलं, म्हणजे भारतात यायचा कायमचा व्हिसा. ते मोजलेले दिवस मला अजून बोचतात.

त्याच धांदलीत इंग्रजी घरात शिरली. आधी घाईच्या गोष्टी: बूट घाल, डबा घे, बस येईल. मग अभ्यास. मग राग. लेकीशी मराठीत उरलं काय, तर आरती आणि ‘आजीला नमस्कार कर’.

आता थोडं मंडळाबद्दल, रागावू नका. आपल्या कार्यकारिणीच्या बैठका इंग्रजीत होतात. बालनाट्याचे संवाद आपण मुलांना रोमन लिपीत लिहून देतो, टाळ्या वाजवतो, आणि मध्यंतरात त्याच मुलांना वडा हवा का, हे इंग्रजीत विचारतो. आपल्या ऑन्टारियो प्रांतात पुरेशा पालकांनी लेखी मागणी केली, तर शाळा बोर्डाला आपल्या भाषेचा वर्ग सुरू करावा लागतो. गेल्या वर्षी आपण यादी फिरवली होती. मिसळीच्या पंगतीला जितके होतो, त्याच्या पाव सह्याही जमल्या नाहीत. ती यादी आज दाराशी पुन्हा ठेवली आहे.

पण वर्ग झाला तरी लेकीचा प्रश्न तसाच राहतो. वर्गात कुणी चिडायला शिकवत नाही. आणि इंदूरचा दाखला तरी किती दिवस देऊ? भावाची मुलं तिथे आता घरातही हिंदीच बोलतात, असं आईच परवा म्हणाली.

काल बूट पुन्हा गालिच्यावर होते. मी ठरवून मराठीत रागावलो. ‘किती वेळा सांगितलं तुला’ इथवर आलं. पुढचे शब्द माझ्या आजीचे होते, ते आठवून आठवून बोलावे लागले. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, इंग्रजीत. उलट बोलायला लागणारी मराठी तिच्या कानावर कधी पडलीच नाही. आता ती कुठून आणू? तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे जमलं असेल, तर जेवताना मला जरूर गाठा.